दोन खजुरांचं गेट

१७ नोव्हेंबर
दत्ताराम गुरुजींनी ही डायरी दिली. ते मला गावच्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण मला शिकवायचं त्यांनी सोडलेलं नाही. म्हणाले, "हुसेन, तुझं एवढं चांगलं अक्षर बर्फाच्या लाद्या मोजण्यात फुकट चाललंय. रोज चार ओळी लिही. आणि खरं लिही, कोणी वाचणार नाही."

खरं लिहायचं तर आज एक चांगली बातमी आहे आणि एक वाईट. चांगली ही की आमच्या मुलीसाठी, अलफियासाठी, सावर्ड्याहून विचारणा आली. मुलगा उमेर, बाजारपेठेत स्वतःचं औषधांचं दुकान. अलफियाही फार्मसी शिकलेली. मुलगा तिच्याच कॉलेजातला, तिच्याच वर्गातला निघाला. हा योगायोग पाहून मी अल्लाचे आभार मानले. अलफिया मान खाली घालून मोबाइलकडे बघत राहिली. पोरगी लाजाळू आहे.

वाईट ही की पाहुणे जानेवारीत घर बघायला येणार, आणि आमच्या घरी यायचं तर वाटेत आधी अनसचं घर लागतं.

१९ नोव्हेंबर
अनस माझा चुलतभाऊ, माझ्याहून लहान. कुवेतला अर्धं आयुष्य काढून आला आणि इथे भाट्यात, आमच्या घराच्या अलीकडेच, स्वतःला आणि बायको तस्नीमला दुमजली घर बांधलं. मला त्याचा हेवा नाही. हे खरं लिहितोय. फक्त त्याचं गेट पाहिलं की मला रात्रीचं जेवण पचत नाही.

काळं, माणसाच्या डोक्यावर जाणारं गेट आणि त्यावर सोनेरी खजुराचं झाड. ते लागलं आणि वर्षाच्या आत त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. बायकोला, हमिदाला, हे सांगितलं तर म्हणाली, "मुलीनं लग्न केलं, गेटनं नाय."

आमच्या घराला कुंपण म्हणजे गुडघाभर उंचीचा दगडांचा गडगा, आणि त्यालाही मधे भगदाड. त्यातून आत शिरायचं, अंगणातून तिरकं जायचं आणि नारळीखालून उतरायचं की खाडीचा धक्का. ही वाट कोणी ठरवलेली नाही. माझ्या वडिलांच्या आधीपासून माणसं जातात, म्हणून ती वाट. सकाळी फिरायला निघालेले गुरुजी इथून जातात. मासळीची पाटी घेऊन यमुनाबाई इथूनच वर येते. मशिदीत जाणारे जातात, शाळेची पोरं जातात. जाणारा प्रत्येक जण पडवीत टेकतो, पाणी मागतो, चहा मागत नाही पण मिळेपर्यंत उठत नाही. मला स्वतःच्या घरात अंघोळीहून बाहेर पडताना टॉवेल दोन हातांनी धरावा लागतो.

सावर्ड्याचे पाहुणे पडवीत बसलेत आणि समोरून यमुनाबाई मासळीची पाटी घेऊन चाललीय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

२२ नोव्हेंबर
आज जुम्म्याच्या नमाजेआधी इमामसाहेबांनी फार सुंदर बयान केलं. माणूस दुसऱ्याच्या ताटात बघतो आणि त्याच्या स्वतःच्या ताटातली बरकत उडून जाते, असा विषय होता. अनसला हे ऐकायची फार गरज होती. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता.

२४ नोव्हेंबर
रविवार असूनही मिरजोळ्याला गेलो. आमच्या बर्फाच्या कारखान्याजवळच महेंद्रचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. अनसच्या गेटचा फोटो मोबाइलवर दाखवला.

"असंच पायजे?" महेंद्रने विचारलं.

"असंच नको. त्याच्या गेटवर एक खजूर आहे. आपल्याला दोन."

"दोन म्हणजे दोन्ही झडपांवर एकेक?"

"एका झडपेवर दोन."

महेंद्रने कानामागची पेन्सिल काढली. "मग चार होतात, हुसेनभाई."

थोडा विचार केला. चार म्हणजे दिखावा झाला असता. मी दोनवर थांबलो. माणसाने कुठे थांबायचं हे ओळखावं.

"कंपाउंड केवढं हाय?" त्याने विचारलं.

"गडगा आहे."

"गडग्याला गेट?"

"गेटचा दरारा असतो," मी म्हणालो. त्याने पेन्सिल परत कानामागे खोचली.

८ डिसेंबर
गेट लागलं. दोन चिऱ्याचे खांब, मधे काळं गेट, त्यावर दोन सोनेरी खजूर. दोन्ही बाजूंना गुडघाभर गडगा. ऊन पडलं की सोनं डोळ्यांत जातं. आतून मोठं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात ताईताशेजारी बांधली.

सकाळी गुरुजी फिरून आले आणि बाहेर थबकले. गडगा ओलांडायला त्यांना काय लागतं? अर्धं पाऊल. पण ते उभे राहिले. गेटकडे नीट पाहून म्हणाले, "नारळ छान काढलाय."

"गुरुजी, खजूर आहे."

"असं होय," म्हणाले, आणि पुढच्या आळीने वळसा घालून गेले.

यमुनाबाई आली ती पाटी डोक्यावर घेऊनच भांडली. "हुसेनभाव, आता मी काय उडून येऊ काय?"

"यमुनाबाई, पाहुणे येऊन जाईपर्यंत. मग बघू."

"पाहुणे येवचे जानेवारीत, आणि दार आत्तापासून बंद? बरा हाय तुझा पाहुणचार!" असं म्हणून तीही गेली. जाताना म्हणाली, "पण माड बरे काढलेत."

हमिदा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला पटलेलं असतं.

१० डिसेंबर
काय शांतता! पहाटे फजरची नमाज झाल्यावर तस्बीहची माळ घेऊन पडवीत बसलो. समोर रिकामं अंगण. कोणी "काय हुसेनभाई" केलं नाही, कोणी पाणी मागितलं नाही. टॉवेल एका हाताने धरूनसुद्धा घरात फिरता आलं. अनस त्याच्या गच्चीवरून बघत होता. मी मुद्दाम हळूहळू गेट उघडलं आणि परत बंद केलं.

१४ डिसेंबर
शांतता आहे.

रात्री जेवणात सरंग्याचं कालवण होतं. यमुनाबाई येत नाही, मी बाजारात गेलो नाही, मग सरंगा आला कुठून? हमिदा म्हणाली, "आला." अल्ला देणारा आहे, मी जास्त चौकशी केली नाही.

१८ डिसेंबर
आज कारखान्याला सुट्टी. लुंगी आणि कंपनीचा जुना खाकी शर्ट अशा अवतारात गेटजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. खजुरांवर खारी हवा बसते, ती फडक्याने पुसत होतो. एक अनोळखी म्हातारे गृहस्थ आले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात काळी छत्री. छत्रीची मूठ तुटलेली, ती लाल दोऱ्याने बांधलेली.

"धक्क्यावर जायची वाट हीच ना?" त्यांनी विचारलं. "बसवाल्यानं हीच सांगितली."

"होती. आता बंद आहे."

"कुणी बंद केली?"

"घरमालकाने."

ते सावलीला सरकले. "कसा माणूस आहे तुमचा मालक?"

मी अंगातल्या खाकी शर्टाकडे पाहिलं आणि त्यांचा गैरसमज लक्षात आला. पण भर उन्हात म्हाताऱ्या माणसाला खोडून काढणं बरं दिसलं नसतं. "चांगला आहे," मी म्हणालो. "नमाजी आहे. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"मग वाट का बंद केली?"

"पाहुणे येणार आहेत म्हणून."

त्यांनी छत्री मिटली, परत उघडली. "आमच्याकडे पाहुणे येणार असले की दार उघडतात."

मी हातातल्या फडक्याने कोपरा दाखवला. पुढच्या आळीने वळसा घालून जा असं सांगितलं. ते गेले. पाणी विचारायला हवं होतं, हे नंतर आठवलं. पण उठून गेलो तोवर ते कोपऱ्यावरून दिसेनासे झाले होते.

२१ डिसेंबर
शांतता आहे. आज ती कानात वाजायला लागली.

सकाळपासून अंगणात एकच जीव आला, अनसच्या मागच्या घरातली बकरी. गडग्यावरून उडी मारून आली, हमिदाची अळूची पानं खाल्ली, गेटकडे बघितलं आणि गेली. माणसांत गडगा ओलांडायची हिंमत नाही आणि बकरीत आहे. मला वाटायला लागलंय की आळीने मला वाळीत टाकलं. किती दिवस झाले, गुरुजींशी बोललो नाही. लिहिताना व्याकरणाच्या चुका होतात का, हेसुद्धा आता कोणी सांगणार नाही.

हमिदाला म्हटलं, "आपल्याकडे कोणी येत नाही आता."

"व्हय," ती म्हणाली आणि ओट्यावर वाळत घातलेले कप आत नेले. खूप कप होते. घरात आम्ही तिघं. बायका कप उगाचच धुतात.

२७ डिसेंबर
जुम्म्याहून परतताना अनस सोबत होता. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघंच चाललो. त्याच्या गेटपाशी आलो तेव्हा मी म्हणालो, "तुझं गेट बघूनच मी गेट केलं रे. तुझ्यासारखी शान असावी म्हटलं."

अनस हसला. हसला म्हणजे तोंड हसलं. "आणि मी गेट का केलं, ठाव हाय काय हुसेनभाय?"

"चोरांसाठी."

"चोर तरी येतोय काय!" तो म्हणाला. "कुवेतहून आलो तेव्हा गच्चीवर बसायचो. खाली बघावं तर तुमच्या अंगणात जत्रा. गुरुजी तिथं, यमुनाबाई तिथं, पोरं तिथं. माझ्या दारात कोण फिरकत नाय. तस्नीम म्हणायची, आपल्याकडं का येत नाहीत लोक? तिला काय सांगू? म्हणून गेट बसवलं. म्हटलं, निदान गेट बंद हाय म्हणून येत नाहीत, असं तिला वाटेल."

मी म्हणालो, "तुझं खजूर मात्र खजुरासारखं दिसतं."

तो आत गेला. त्याच्या गेटचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू आला.

घरी येऊन झोप लागेना. इतकी वर्षं मी खाली बसून वर बघत होतो, आणि तो वर बसून खाली. दोघांच्याही माना दुखल्या असतील. सकाळी उठून कुलूप काढावं असं मनात आलं. पण आता पाहुणे इतके जवळ आलेत, आणि गेट न दाखवताच काढायचं म्हणजे केलेलं सगळं वाया. पाहुणे गेले की काढू.

५ जानेवारी
आजचं सगळं सविस्तर लिहितो. हात अजून तेलकट आहेत.

पाहुणे दुपारी येणार होते. दाढीला मेंदी लावली, पांढरा कुर्ता, नवी टोपी. गाडीचा आवाज आला तसा किल्ली घेऊन धावलो. किल्ली कुलपात गेली, फिरली नाही. जोर लावला तर अर्धी किल्ली आत राहिली आणि अर्धी हातात आली. खारी हवा खजुरांवरच बसते असं मी समजलो होतो, ती कुलपातही बसली होती.

बाहेर उमेर, त्याचे आईवडील आणि आजोबा उभे. आजोबा गाडीतून सगळ्यात शेवटी उतरले, मला त्यांची फक्त टोपी दिसत होती.

"गडग्यावरून येतो की आम्ही," उमेर म्हणाला.

"नको, नको!" मी ओरडलो. "गेटनेच या! एक मिनिट!"

मी खोबरेल तेल ओतलं. मग रॉकेल. मग हातोडा आणला. मधेच एकदा वर पाहिलं तर बाहेर कोणीच नव्हतं. गाडी होती, माणसं नव्हती. परत गेले असते तर गाडी नेली असती, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं.

घरामागून हसण्याचा आवाज येत होता.

मागच्या दाराने कधी जात नाही मी, ते हमिदाचं राज्य. घराला वळसा घातला आणि थांबलो. मागच्या दारापर्यंत नवीन पायवाट पडली होती. गवत पार मळलेलं, माती टणक झालेली. एका दिवसात अशी वाट पडत नाही.

विहिरीशेजारी फणसाखाली माणसंच माणसं. गुरुजी खुर्चीवर बसलेले, ती खुर्ची आमच्याच माजघरातली, जी हरवली म्हणून मी शोधत होतो. यमुनाबाई विळीवर मासे कापत होती. अनस पालथ्या बादलीवर, हातात चहा, आणि तस्नीम चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. आणि मधोमध सावर्ड्याचे पाहुणे, चटईवर, जणू याच घरात वाढलेले. गुरुजी उमेरच्या वडिलांना शाळेतल्या गोष्टी सांगत होते. दुर्दैवाने त्या माझ्याच होत्या.

"आला का गेट उघडून?" यमुनाबाईने विचारलं.

"तुम्ही सगळे... कधीपासून?"

"गेट लागल्या दिवसापासून," गुरुजी म्हणाले. "हमिदाने सांगितलं, त्यांचं मन मोडू नका, मागून या. म्हणून आम्ही वळसा घालून येतो. तुझी शांतता नको मोडायला."

मला वाटत होतं आळीने मला बाहेर काढलं. आळी सगळी आत होती. बाहेर मी एकटाच होतो, माझ्याच कुलपाच्या आत.

आजोबांना सलाम केला. त्यांनी हात हातात घेतला आणि बाजूला ठेवलेली छत्री सरळ केली. काळी छत्री, मुठीला लाल दोरा.

मी बसायला जागा शोधत होतो, पण ते हात सोडेनात. "मी मागं एकदा एकटाच येऊन गेलो होतो," ते म्हणाले. "मुलगी बघायला सगळेच येतात, मी घर बघायला येतो. आळीत चौकशी करायची म्हणून धक्क्याकडं निघालो, तर वाट बंद. वळसा घालून मागं आलो, तर या तुमच्या घरवालीनं कोण कुठला न विचारता ताट वाढलं. सरंगा होता." मग त्यांनी हमिदाकडे पाहिलं. "भाभी, तुमचा तो गेटवाला आज दिसत नाय कुठं?"

यमुनाबाईची विळी थांबली. अलफियाने ओढणी तोंडावर धरली, तिचे खांदे हलत होते.

"त्याला काढून टाकला, चाचा," हमिदा म्हणाली. "आजच."

"बिचारा." आजोबांनी माझ्या मेंदी लावलेल्या दाढीकडे नीट पाहिलं. "तसा वाईट नव्हता. मालकाची फार तारीफ करायचा. त्याला परत घ्या. पण गेटवर नको, पडवीत बसवा."

मी म्हणालो, "बसवतो."

आणि रॉकेलचे हात पांढऱ्या कुर्त्यालाच पुसले.

चहा आला. उमेरने अलफियाच्या पुढचा साखरेचा डबा न विचारताच बाजूला सरकवला. ती चहात साखर घेत नाही हे त्याने एकदाच बघून ओळखलं. फार हुशार मुलगा आहे. लग्न ठरलं.

निघताना पाहुणे पुन्हा पुढच्या बाजूने जायला लागले. मी आधी गेलो आणि गडगा ओलांडला. अर्धं पाऊल लागलं.

८ जानेवारी
महेंद्र आला, कुलूप कापलं, गेट बिजागरीतून काढलं. म्हणाला, "भंगारात देऊ काय?" एवढ्या चांगल्या लोखंडाचा जीव घ्यायला नको वाटलं. हमिदाने उपाय काढला. गेट अंगणात चार चिऱ्यांवर आडवं ठेवलं. आता त्याच्यावर जाळी टाकून सोडे आणि बोंबील वाळतात. उंची बरोबर आहे, बकरी पोचत नाही. निदान अजून तरी.

दुपारी अनस आला. पुढून आला, पडवीत बसला. बराच वेळ गेटकडे बघत होता. मग म्हणाला, "हुसेनभाय, या बाजूला थोडी जागा रिकामी हाय. तस्नीमचे बोंबील ठेवू काय?"

"ठेव ना."

"आणि तिच्या मनात होतं, सकाळचा चहा... इकडंच घ्यावा म्हणून. आमच्या घरी चहाला चवच लागत नाय."

मी म्हणालो, "तुझं गेटपण काढ. भाकऱ्या ठेवायला लागेल लग्नात."

तो म्हणाला, विचार करतो. पण उठताना गेटच्या बिजागऱ्या कशा काढल्या ते विचारलं आणि महेंद्रचा नंबर घेतला.

९ जानेवारी
गुरुजी फिरून परत आले आणि आडव्या गेटपाशी थांबले. "नारळावर बोंबील छान वाळतायत."

"खजूर आहे, गुरुजी."

"असेल, असेल." ते पडवीत बसले. मी डायरी दाखवली. त्यांनी चष्मा लावला आणि तीन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली. जाताना पाठीवर थाप मारली. शाळेत असताना ती फक्त पहिल्या नंबराला मिळायची. मला तेव्हा कधी मिळाली नव्हती.

आता सूर्य बुडतोय, मगरिबची वेळ होत आलीय. हे लिहीत असतानाच भगदाडातून एक परका माणूस आत आला आहे. पाठीला सॅक, पायात बूट, मुंबईचा असावा. आडव्या गेटकडे, त्यावरच्या बोंबिलांकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणतो, "काका, धक्क्यावर जायची वाट हीच का?"

हीच. पण आधी बसा.